जोडीनं शाकाहारी होताय? आमच्या या चुका टाळा

बडोद्यात मांसाहार सोडणं फार सोपं. कोपऱ्यावर फरसाणवाला, पुढच्या वळणावर सेव उसळीची लारी (म्हणजे हातगाडी), ऑफिसात कुणी ना कुणी आणलेले खाखरे. आम्ही दांडिया बाजारातलं सीकेपी जोडपं, म्हणजे रविवारी मटण ठरलेलं आणि बुधवारी मासळी. नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि जेवता जेवताच आम्ही ठरवलं, उद्यापासून बंद. सहा महिन्यांनी परत रक्त तपासलं, तर वाईट कोलेस्टेरॉल किंचित उतरलेलं आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, चांगलेच चढलेले. मटणाच्या जागी बटाटा, मैदा, गुळचट डाळ आणि शेव येऊन बसली होती. बटाटेवड्यालाही हिरवा ठिपका मिळतो, हे आधी कुणी सांगत नाही.

काय सोडलं ते मोजलं, काय आणलं ते नाही

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला झाली 50 ग्रॅम. आता वाटीभर वरणात कोरडी डाळ असते जेमतेम 25-30 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम. पोळ्या, दूध, दही थोडी भर घालतात, तरी दोन वेळच्या वरणावर हिशेब बसत नाही. रोज एक घट्ट उसळ हवी, शिवाय मूठभर शेंगदाणे किंवा सोया वड्या. पनीर चांगलंच, पण रोज बटरमध्ये परतून खाल्लं तर ज्या रिपोर्टसाठी हा सगळा खटाटोप, तोच बिघडेल.

मटणाबरोबर वाटणही गेलं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. शाकाहार म्हणजे सात्त्विक, असं डोक्यात बसलेलं. त्यामुळे कांदा-खोबरं भाजणं बंद, गरम मसाल्याचा डबा मागच्या फळीवर. तिसऱ्या आठवड्यात नवरा ताटाकडे बघून म्हणाला, ‘कुणी आजारी आहे का घरात?’ खरं तर त्याला मटण नको होतं, रस्सा हवा होता. मांसाची म्हणून जी आठवण येते, तिच्यात निम्म्याहून जास्त भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास असतो, असं माझं मत झालंय.

मग रविवारी तेच वाटण अख्ख्या मसुराला लावलं. हिवाळ्यात खंडेराव मार्केटमागून सुरण आणते, जाड फोडी चिंचेच्या पाण्यात उकडून त्याच रश्शात सोडते. (चिंच विसरलात तर घसा खाजून सांगेल.) आणि बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, तर घरचंच होतं, पण आमच्याकडे त्याला कायम मटणाच्या शेजारची जागा मिळालेली. इथे एक इशारा: गुजराती लग्नात वाढतात ते मोठे गोडसर वाल वेगळे. बिरड्याला कडवे वालच घ्या. रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकायचे. चिमटीत दाबला की साल मागे राहतं आणि हिरवट पांढरी डाळिंबी टुणकन उडते. निम्म्या ओट्याखाली जातात. हे सोलणं एकटीचं काम नाही, दोघांनी समोरासमोर बसून अर्ध्या तासात होतं. शिजताना डाव फिरवू नका, पातेलंच हलवा, नाहीतर पिठलं होईल. आमसूल आणि गूळ डाळिंबी मऊ झाल्यावरच, आधी आंबट पडलं की ती दडस राहते.

दोघांना एकच ताट वाढलं

निर्णय एक असला तरी शरीरं दोन आहेत. आयसीएमआरच्या त्याच शिफारशीत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह सांगितलंय, मासिक पाळी चालू असलेल्या बाईला 29. आणि आमच्या घरी व्हायचं काय, तर उसळीतले दाणे त्याच्या वाटीत आणि मागून बसणाऱ्या माझ्या वाटीत रस्सा. वनस्पतींतलं लोह अंगी लागतंही कमी. जेवणात लिंबू पिळलं की जास्त लागतं, जेवल्या जेवल्या चहा प्यायला की कमी. तो दुपारचा चहा मी तासभर पुढे ढकलला. लोह वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि याहून अवघडही नाही.

बी-12 कडे काणाडोळा

वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व भरवशाचं असं मिळतच नाही. इडली-ढोकळा आंबवला की तयार होतं, हा समज सोडून द्या. दूध-दह्यात असतं, पण रोजची गरज 2.2 मायक्रोग्रॅमची आणि 250 मिली दुधातून मिळतं साधारण 1. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच कळत नाही. दोन-चार वर्षांनी तळपायाला मुंग्या येतात, थकवा येतो आणि आपण वयाला दोष देतो. सुरुवातीलाच एकदा तपासून घ्या, मग वर्षातून एकदा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्कीच, कारण त्यानेही बी-12 घटतं. गोळी किती आणि कोणती, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

बारीकसारीक

अंड्याचं पहिल्याच दिवशी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, म्हणून हा रात्री लारीवर आमलेट खाऊन यायचा आणि मी वासावरून ओळखायचे. चौकशीतच महिना गेला. एकदम सगळं बंद करण्यापेक्षा वार वाढवा. सोमवार-गुरुवार बहुतेक घरांत पाळतातच, त्यात दर महिन्याला एकेक वार घाला. पोट फुगतंय? कडधान्यं एकदम वाढवलीत. भिजवलेलं पाणी फेका, हिंग-ओवा घाला, दोन आठवडे धीर धरा.

आणि सासर-माहेर. माझी आई ‘तुमच्यासाठी वेगळं केलंय’ म्हणून मटणाच्याच पातेल्यातला रस्सा फोडी बाजूला सारून वाढायची, आणि आपण काय चुकलो हे तिला खरंच कळायचं नाही. आता जाताना आम्ही आमचं वाटण डब्यातून नेतो. ती त्यात बटाटे सोडते आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी ते तिच्या मटणात जातं.