उसन्या कल्पनेवर एकांकिका लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धा जवळ आल्या की मुलं संहिता घेऊन येतात आणि दर वर्षी त्याच ठिकाणी घसरतात. उसनं घ्यायला माझी हरकत नाही, मराठी रंगभूमी त्यावरच वाढली. पण काय उचलावं याचं भान हवं.

नुसता देखावा उचलणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात छळणारी चूक. विजय तेंडुलकरांचं नाटक 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं. त्यातली बारा ब्राह्मणांची रांग तेव्हापासून एकांकिकांमधून फिरते आहे. एका गटाने पाणीटंचाईवरची एकांकिका आणली होती. विषय खणखणीत, मुलं त्याच भागातली. पण पडदा उघडताच सगळे प्रेक्षकांकडे पाठ करून डुलताहेत. विचारलं, हे कोण? "माणसांचा पडदा, सर." काय झाकतोय? कुणापासून? कुणालाच सांगता येईना.

'घाशीराम'मध्ये रांग पाठ फिरवते तेव्हा मागे काहीतरी झाकायचं असतं, आणि झाकणारेच त्यात सामील असतात. रांगेचं हे काम उचलायचं, डुलणं तिथेच ठेवायचं. मग त्या मुलांनी टँकरसमोर हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांची रांग केली. पाइप सरपंचाच्या टाकीकडे वळतो, सगळ्यांना दिसतं, पण नंबर जाईल म्हणून कुणी मान वळवत नाही. संवाद तेच राहिले आणि एकांकिका उभी राहिली.

एकाच ठिकाणाहून घेणं

देवलांचं 'संशयकल्लोळ' बघा. गाभा आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाचा, त्याच्या मागे मोलिएर. पण देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. त्यामुळे तिच्यावरच्या संशयाला तिच्या जन्माचा डाग येऊन चिकटतो, आणि विनोदाखाली आपल्या समाजाचं दुखणं दिसायला लागतं. हे मर्फीकडून आलेलं नाही. वर पात्रांची नावं महिन्यांची नि नक्षत्रांची: फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या.

माझी सवय साधी आहे. वहीच्या डाव्या पानावर उचललेलं लिहायचं, उजव्या पानावर स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं. उजवं पान कोरं असेल तर मी कुणाला लिहायला बसू देत नाही. मुलं कुरकुरतात, "सर, तारीख जवळ आलीय." येऊ दे.

शेवटचा धक्का उचलणं

नका. ज्या शॉर्ट फिल्ममधून तो उचलता, ती परीक्षकांनी पाहिलेली असते.

सारांशावर काम भागवणं

मोबाइलवर दहा ओळींत कथानक वाचून 'प्रेरणा' घेता येत नाही. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'मागे जर्मन नाटककार ब्रेख्तचं १९२८ चं नाटक, त्यामागे इंग्रज लेखक जॉन गेचं १७२८ चं. तिन्ही वाचली की कळतं, चोर आणि कायद्याचे रखवालदार यांचं साटंलोटं कायम राहिलं आणि गाणी प्रत्येकाने आपल्या काळाची घेतली. ही तुलना सारांशातून हाती लागणार नाही. त्यासाठी पूर्ण संहिता वाचावी लागते, शक्यतो मोठ्याने, गटात बसून.

परवानगीचा विचार शेवटी करणं

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. नाटककार बर्नार्ड शॉ १९५० साली गेले, म्हणून त्यांचं 'पिग्मॅलियन' आता खुलं आहे. त्यावर बेतलेली पुलंची 'ती फुलराणी' मात्र नाही, कारण पुलं २००० साली गेले. तिच्यातली वाक्यं वापरणार असाल तर तालमी सुरू करण्याआधी हक्कदारांना पत्र पाठवा.