विंडोज नव्याने टाकण्याआधी: "डेटा डी मध्ये आहे" म्हणणाऱ्यांसाठी

परवा भाच्याचा फोन. "मामा, सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, विंडोज नव्याने टाकतो आणि हातासरशी त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कमधला त्याचा कप्पापण मोठा करून घेतो. डेटा सगळा डी मध्येच आहे, टेन्शन नाही." हेच वाक्य मी दीड वर्षापूर्वी बायकोला ऐकवलं होतं. त्याला म्हटलं, हात लावू नकोस, रात्री लिहून पाठवतो.

माझं काय झालं ते आधी. मी सी फॉरमॅट केला, डीला बोटसुद्धा लावलं नाही. नवीन विंडोज झकास चालू झालं, धिस पीसी उघडलं तर डीच्या चिन्हावर पिवळं कुलूप. डबल क्लिक केलं तर म्हणे ४८ आकडी रिकव्हरी की टाका. अरे कसली की, मी कधी कुलूप लावलंच नव्हतं! ते लॅपटॉपने आपलं आपण लावलं होतं. डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात त्याला, बिटलॉकर नावाचं विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप आहे त्याचंच धाकटं भावंड, विंडोजच्या होम एडिशनवरही असतं, आणि पहिल्या सेटअपला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की न विचारता चालू होतं. सी वर तर होतंच, डी वरही होतं. रोज आपोआप उघडायचं म्हणून कळत नाही. ज्या विंडोजला ते उघडायचं माहीत होतं, तेच मी फॉरमॅट करून टाकलं.

ती की जाते कुठे, तर पहिल्यांदा लॉगिन केलेल्या अकाउंटवर. माझा लॅपटॉप दुकानातल्या पोराने सेटअप करून दिला होता, कुठल्या ईमेलने ते त्यालाही आठवेना. मायक्रोसॉफ्टसुद्धा ती की नव्याने बनवून देऊ शकत नाही. सोसायटीचा खजिनदार मी, तीन वर्षांचा मेंटेनन्सचा हिशोब त्या डी मध्ये. पावतीबुकाच्या कार्बन कॉप्या आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन दोन महिने रात्री बसलो. वार्षिक सभेत काय ऐकून घेतलं ते सोडा.

तर पहिलं काम: रिकव्हरी की. बॅकअपच्याही आधी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर ज्या ईमेलने लॉगिन आहे त्याच ईमेलने दुसऱ्या मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून की खरंच दिसते का बघा. "असेल तिथे" असं म्हणू नका, डोळ्यांनी बघा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. आणि सी ची की वेगळी, डी ची वेगळी! दोन्ही पाहिजेत. प्रत्येकीला एक की आयडी असतो, कोणती कुणाची हे त्यावरून कळतं, तोही लिहा. कागदावर. फोटो काढून त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवणारे लोक मी पाहिलेत.

सगळ्यात सोपं म्हणजे एन्क्रिप्शन बंदच करा. वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा, अर्ध्यात उठू नका, पूर्ण उघडल्याची खात्री झाल्यावरच पुढे. तरीही की कागदावर पाहिजेच, कारण कुलूप निघायच्या आत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट वगैरे काही बदललंत तर जुनं विंडोजही सुरू होताना तीच की मागू शकतं, आणि तेव्हा बॅकअप झालेला नसतो.

आता बॅकअप. डी हा बॅकअप नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, कपाट जळालं तर दोन्ही जळतात. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि ज्याच्यावाचून खरंच अडेल ते अजून एका ठिकाणी, पेन ड्राइव्ह म्हणा, क्लाउड म्हणा. डिस्क जुनी असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तिची तब्येत बघा, पिवळं "कॉशन" दिसलं तर पार्टिशनचा विचार सोडा, फक्त डेटा काढा आणि नवीन डिस्क आणा.

डॉक्युमेंट्स, फोटो वगैरे सगळ्यांना आठवतं. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स पण सी वरच असतात हे अर्ध्या लोकांना आठवत नाही. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे त्यातले साठवलेले मेल. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, सिंक चालू असेल तर ठीक. टॅली असेल तर डेटा फोल्डर घ्याच, शिवाय त्याचं लायसन्स टॅलीमधूनच सरेंडर, म्हणजे परत करून मगच फॉरमॅट करा, नाहीतर नंतर त्यासाठी फोनाफोनी. आणि ज्यांच्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आहेत, पत्रिका, निवेदनं, मंडळाचे अहवाल, त्यांनी ते फॉन्ट पण कॉपी करून घ्या. फाइल टिकली आणि फॉन्ट गेला तर स्क्रीनवर नुसता किडे-मुंग्यांचा बाजार दिसतो. वनड्राइव्हवाल्यांनी फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह आहे का बघा, ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, आधी डाउनलोड करा, मग बाहेरच्या डिस्कवर.

कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. दोन्हीकडे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइलींची संख्या आणि साइज जुळवा. मग ती डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. बाहेरच्या डिस्कलाही कधीकाळी बिटलॉकर लावला असेल तर? बरोबर. तिचीही की. कागदावर.

आता विंडोज टाकायची तयारी. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा, रिकामा. विंडोज ११ ची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, मित्राच्या मित्राकडची नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय त्यामुळे परत १० टाकण्यात अर्थ नाही, पण ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आहे का आधी बघा. वायफायचा ड्रायव्हर आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर स्टोरेजचा ड्रायव्हर, दोन्ही पेन ड्राइव्हवर टाका. हा दुसरा नसला तर सेटअपमध्ये बऱ्याचदा डिस्क दिसतच नाही आणि माणसाला वाटतं एसएसडी मेली.

पार्टिशनचं. भाच्याचा सी १०० जीबी, डी ३७६. त्याला वाटतं डी श्रिंक, म्हणजे लहान केला की सी एक्सटेंड, म्हणजे मोठा होईल. नाही होत रे बाबा. श्रिंक केल्यावर मोकळी जागा डीच्या शेपटाकडे निघते, सीला ती स्वतःच्या लगेच उजवीकडे लागते, आणि मध्ये डी मांडी घालून बसलेला. एक्सटेंड व्हॉल्यूम फिकट पडलेलंच राहतं. डीला सरकवणारी टूल्स आहेत, पण ती सगळा डेटा उचलून पुढे नेऊन ठेवतात, तासन् तास लागतात, मधे बॅटरी गेली की कल्याण. बॅकअप पक्का असेल तर सेटअपमध्येच सी आणि डी दोन्ही उडवा आणि नव्याने करा. माझं मत विचाराल तर ५१२ च्या एसएसडीवर सी-डी करूच नका, एकच ठेवा. ती सवय "सी उडवला तरी डी राहतो" या काळातली आहे. राहतो, हो. कुलूप लावून राहतो.

उडवताना डिस्क आकारावरून ओळखा, अक्षरावरून नाही, सेटअपमध्ये तुमची सी-डी अक्षरं भरवशाची नसतात. ५१२ ची डिस्क ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. आणि बाहेरची बॅकअप डिस्क त्या वेळी काढून ठेवा, नुसती वायर नाही, दुसऱ्या खोलीत. रात्री दोन वाजता डिस्क ० आणि डिस्क १ मध्ये कुणाचीही गल्लत होते. १०० एमबी, १६ एमबीची छोटी पार्टिशन्स दिसतील, ती विंडोजची असतात. सगळं उडवत असाल तर तीही उडवा, पुन्हा बनतात. डी ठेवत असाल तर फक्त डीला सोडा. चुकून डी उडालाच तर तिथेच थांबा, त्यावर काही लिहू नका, टेस्टडिस्क या प्रोग्रामने साध्या हार्ड डिस्कवरचं पार्टिशन बऱ्याचदा परत येतं. एसएसडी उडवलेली जागा स्वतःच साफ करते, त्याला ट्रिम म्हणतात, त्यामुळे तिथे भरवसा नाही.

बसताना चार्जर लावा. पुढचं सगळं नेक्स्ट नेक्स्ट. ड्रायव्हर, अपडेट, प्रिंटर, मग डेटा परत, घाई नको. बॅकअपची डिस्क महिनाभर पुसू नका.

आणि हो, पुन्हा तेच. नवीन विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत की एन्क्रिप्शन परत चालू झालेलं असू शकतं, म्हणजे सी ची की आता नवीन. ती लिहा. दुकानदाराच्या नाही, स्वतःच्या ईमेलवर. पण डी कुलूप न काढता जसाच्या तसा ठेवला असेल तर त्याची की जुनीच आहे, म्हणून तो पहिला कागद अजून फाडू नका.