लोंबकळत्या तारांची तक्रार करताना या चुका टाळा

"वायरमनला सांगितलंय, येतो म्हणालाय." खाली आलेल्या तारांजवळ राहणाऱ्या बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं, आणि घोळ इथूनच सुरू होतो. तोंडी सांगितल्याची नोंद कुठेच राहत नाही. उद्या त्या वायरमनची बदली झाली की तक्रारही त्याच्याबरोबर जाते. वीज कंपनीच्या शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. वीज तक्रारींच्या 1912 या क्रमांकावर फोन केला असेल, तर तक्रार क्रमांक त्याच अर्जात लिहा.

दुसरी चूक अर्जातल्या मजकुराची. "तारा फार खाली आल्या आहेत" एवढंच लिहिलं, तर त्यावर कुणाला काही ठरवता येत नाही. नियम मीटरमध्ये बोलतो. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची (घरगुती पुरवठ्याची) तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर हवी, 11 किंवा 33 केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) 6.1 मीटर. रस्त्याच्या कडेने जात असेल तर हेच आकडे 5.5 आणि 5.8. शेतात, मोकळ्या जागेत 11 केव्हीपर्यंतच्या उघड्या (आवरण नसलेल्या) तारेला 4.6 मीटर, तर 33 केव्हीला 5.2 मीटर. कोणत्या दोन खांबांमधला गाळा, कोणत्या डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) लाइन, खाली काय आहे (शाळेची वाट, गोठा, ट्रॉली जाण्याचा रस्ता) हे लिहा. खांबावर क्रमांक नसेल तर जवळच्या घराचा ग्राहक क्रमांक द्या, म्हणजे जागा चुकत नाही.

हे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतले आहेत. सध्याचे विनियम 2023 चे, त्याआधीचे 2010 चे. पण 1956 च्या भारतीय वीज नियमांतही रस्त्यावरच्या उंचीची हीच मापं होती. त्यामुळे "लाइन जुनी आहे, तेव्हा असंच चालायचं" हे उत्तर कुणी दिलं तर ते मान्य करू नका.

उंची स्वतः मोजायला मात्र जाऊ नका. बांबू, लोखंडी पाइप, टेप यांतलं काहीही तारेजवळ न्यायचं नाही. लांबून दिसतो तो अंदाज लिहा, फोटो जोडा आणि मोजणीची मागणी करा. मोजणी भल्या सकाळी झाली असेल तर तेही नोंदवून घ्या. उन्हाने आणि भाराने तार तापते, लांबते, झोळ वाढतो. नियमातली उंची सर्वाधिक झोळ असतानाची आहे, गारव्यातली नाही.

कधीकधी तार जागेवरच असते आणि जमीन वर येते. डांबराचे थर चढत जातात, प्लॉटवर भराव पडतो, पत्र्याच्या जागी स्लॅब येतो. घराच्या बाबतीत लघुदाबाची उघडी तार छताच्या सर्वांत उंच भागापासून 2.5 मीटर वर आणि बाजूने 1.2 मीटर लांब हवी. 11 केव्हीला वर 3.7 आणि बाजूला 1.2 मीटर, 33 केव्हीला बाजूचं अंतर 2 मीटर. लाइन आधीपासून असेल आणि तिच्याजवळ बांधकाम करायचं असेल, तर वीज कंपनी आणि विद्युत निरीक्षक या दोघांनाही आधी लेखी कळवणं मालकाचं काम आहे. लाइन हलवण्याचा खर्चही त्याच्याकडे येऊ शकतो. बांधकाम करून मग अर्ज देणारे इथे फसतात.

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित माणूस: विद्युत निरीक्षक. तो वीज कंपनीचा नोकर नाही. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 162 खाली राज्य सरकार त्याची नेमणूक करतं. कंपनीने आपल्याच लाइनची तपासणी करावी आणि आपण वाट पाहावी, एवढाच मार्ग आहे असं समजून लोक वर्षं घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. अर्जाची प्रत पहिल्याच दिवशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात द्या.

अपघात झालाच, तर त्याच अधिनियमाचं कलम 161 लक्षात ठेवा; वीज अपघात कळवणं आणि त्याची चौकशी यांचं ते कलम. त्यात माणसांबरोबर जनावरंही येतात. म्हैस दगावली तरी ती कळवण्याजोगी घटना आहे. जीव जाता जाता वाचला असेल, तीही. तुटलेली तार, जळालेला झंपर (तारा जोडणारा तुकडा) गोळा करून लाइन पूर्ववत करण्याची घाई होते आणि पुरावा हातचा जातो. पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावर लांबूनच फोटो काढा, पंचनाम्याचा आग्रह धरा आणि निरीक्षकांना स्वतःही कळवा. चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना असतात.

एक चूक मात्र थेट जिवावर बेतते: "तार तुटून पडलीय, म्हणजे लाइन गेलीच असणार." तसं नसतं. कोरड्या मातीवर, खडकावर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून जमिनीत इतका कमी प्रवाह जातो की उपकेंद्रातला ब्रेकर (बिघाड होताच पुरवठा तोडणारं उपकरण) पडत नाही. तार गप्प पडलेली दिसते आणि जिवंत असते. पडलेला ब्रेकर पुन्हा चढवला जाऊ शकतो, कुणाच्या जनरेटरमधून उलटा पुरवठाही येऊ शकतो. किमान 10 मीटर लांब राहा, गुरं आणि मुलं अडवा, 1912 वर कळवा. आधीच जवळ पोहोचला असाल तर पाय न उचलता, पावलाला पाऊल लावून सरकत मागे या. लांब टांग टाकली की दोन पायांमधल्या जमिनीतल्या विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) फरकानेच झटका बसतो. ट्रॅक्टरवर तार पडली असेल तर वरच बसून राहा. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून उडी मारा, आणि खाली टेकताना हात ट्रॅक्टरला लागू देऊ नका.