मिड-पॉवर मॉडेल रॉकेट: किट जोडण्यापासून उड्डाणापर्यंत

छोट्या रॉकेटांवर हात बसला की पुढची पायरी मिड-पॉवरची, म्हणजे ई, एफ किंवा जी वर्गाच्या मोटरची. मोटर म्हणजे रॉकेट ढकलणारी, घन इंधन भरलेली नळी. दर अक्षरागणिक मोटरच्या ताकदीची मर्यादा दुप्पट होते: ई ४० न्यूटन-सेकंदांपर्यंत (जोर गुणिले तो टिकतो तो वेळ), एफ ८० आणि जी १६०. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची. घरी इंधन बनवण्याच्या फंदात पडू नका. आपल्याकडे मोटर घ्यायला आणि उडवायला कोणती परवानगी लागते, ते किट घेण्याआधीच बघा.

डबा उघडल्यावर सगळे भाग आधी गोंद न लावता जोडून बघा. मोटर ट्यूब (मोटर बसते ती आतली नळी) मधोमध धरणारी रिंग घट्ट बसत असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासा. ठोकून बसवलेली रिंग गोंद लावल्यावर अर्ध्यात अडकते आणि मग हलत नाही.

खरी मेहनत फिनांवर (शेपटाकडच्या पंखांवर) घ्या. मिड-पॉवर किटमध्ये बहुधा प्लायवुडच्या फिन असतात आणि त्यांचं टोक नळीच्या खाचेतून थेट आतल्या मोटर ट्यूबपर्यंत जातं. या टोकाला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) लावा, फिन बसवा आणि नळीच्या तोंडाकडून बघून ती सरळ आहे ना, याची खात्री करा. तिरकी फिन म्हणजे वर जाताना गरगरणारं रॉकेट. फिन पक्की झाली की तिच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यात एपॉक्सीची बारीक गोलसर कड भरा. इथे हात आखडताच ठेवा, कारण मागे वाढलेलं वजन स्थिरतेच्या मुळावर येतं.

शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन (रॉकेटचं पुढचं टोक) नळीला बांधून ठेवणारी दोरी, रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी असावी. पॅराशूट आणि मोटर यांच्यामध्ये अग्निरोधक कापड हवंच, नाहीतर पॅराशूट वितळून त्याचा गोळा होतो. रॉकेट नोज कोनला धरून उचललं तर कोन निसटू नये, पण हाताने ओढल्यावर सहज निघावा. सैल वाटला तर टेपचा एक वेढा द्या.

रंग वाळल्यावर मोटर आणि पॅराशूट घालून वजन करा आणि रॉकेट दोरीवर तोलून गुरुत्वमध्य काढा. किटच्या पत्रकात दिलेल्या दाबकेंद्रापेक्षा (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूपेक्षा) तो नळीच्या एका व्यासाइतका तरी पुढे हवा. नसेल तर नोज कोनमध्ये वजन भरा.

मोटरवर ‘एफ३९-६’ असं लिहिलेलं असतं. ३९ म्हणजे सरासरी ३९ न्यूटन जोर, साधारण चार किलो उचलण्याइतका. जोर वजनाच्या पाचपट असावा हा ठोकताळा धरला, तर रॉकेट ८०० ग्रॅमच्या आत हवं. शेवटचा ६ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. हा आकडा चुकला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडतं आणि दोरी नळी चिरत जाते.

कंपोझिट मोटर (रबरासारख्या घट्ट इंधनाची) पेटत नाही तेव्हा दोष बहुतेकदा इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी विजेची वात, बसवण्यात असतो. इंधनाच्या मधल्या छिद्रातून तो अगदी वरच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. बसवण्याआधी इग्नायटर मोटरशेजारी धरून तारेवर पेनाने खूण करा. आत सरकवल्यावर खूण नॉझलपाशी (मोटरच्या मागच्या तोंडापाशी) आली नाही, तर तो अर्ध्यातच अडकलाय. हे काम रॉकेट लाँच रॉडवर (उड्डाणासाठी उभं धरणाऱ्या दांडीवर) चढवल्यावरच करायचं, आणि दुरून मोटर पेटवणाऱ्या कंट्रोलरची किल्ली तेव्हा तुमच्या खिशात हवी.

अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा-नियमावली या मोटरींसाठी उडवताना रॉकेटपासून किमान ९ मीटर अंतर सांगते. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वारा असेल तर उड्डाण नाही. रॉडखालचं वाळकं गवत काढा, आभाळात विमान नाही ना बघा, मोठ्याने पाचपासून उलटी मोजणी करा आणि बटण दाबा. काहीच झालं नाही तर किल्ली काढा आणि पूर्ण मिनिटभर जवळ जाऊ नका.

मैदान किती मोठं लागेल, याचा हिशेब सोपा आहे. ३०० मीटरवरून सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरायला एक मिनिट लागतं. तेवढ्यात सेकंदाला ४ मीटरचा वारा रॉकेट २४० मीटर वाहून नेतो. विजेच्या तारांवर अडकलं तर ते तिथेच सोडून द्या.