डार्क मोड लावूनही चार्जिंग टिकत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात रावेरला मामांकडे गेलो की घरातल्या सगळ्या मोबाईलची दुखणी माझ्यापुढे येतात. यंदा मामेभाऊ वैतागलेला होता. "डार्क मोड लावून महिना झाला भो, तरी दुपारी तीनला वीस टक्के. सगळं थोतांड आहे." थोतांड नाही. स्क्रीन काळा करून त्यावर पांढरी अक्षरं दाखवणारा डार्क मोड काही फोनवर चार्जिंग वाचवतो. पण त्याचा फोन, त्याचं ऊन आणि त्याचा ब्राइटनेस पाहिला, तेव्हा त्याच्या फोनवर डार्क मोडचा उपयोग होणारच नव्हता हे लक्षात आलं.

डिस्प्ले कोणता हे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एलसीडी डिस्प्लेत काचेमागे पांढरा उजेड कायम चालू असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे त्या उजेडापुढे झापड लावायची, एवढंच. खिडकीला काळा पडदा लावला म्हणून अंगणातला हॅलोजन बंद होतो का? तसंच हे. ओलेड किंवा अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा असला की विझलेला असतो. वीज वाचते ती इथेच.

मामेभावाचा फोन एलसीडी निघाला. तुमचा ओळखायचा असेल तर खोक्यावर बघा. आयपीएस किंवा टीएफटी लिहिलं असेल तर तो एलसीडीच. खोका भंगारात गेला असेल तर रात्री खोलीतले दिवे घालवा, पूर्ण काळं चित्र उघडा, ब्राइटनेस फुल करा. काळ्याऐवजी राखाडी उजेड जाणवला तर एलसीडी. स्क्रीन कुठे संपते तेच कळेनासं झालं तर ओलेड. फोन महाग किंवा नवा आहे एवढ्यावरून अंदाज बांधू नका. 2017 च्या आयफोन टेनमध्ये ओलेड होता आणि 2019 च्या आयफोन 11 मध्ये एलसीडी.

आणखी एक गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलो. फुटलेला अमोलेड डिस्प्ले स्वस्तात बदलून घेतला, तर एका दुकानदाराने न सांगता एलसीडीचा कॉपी डिस्प्ले बसवून दिला. पुढे दोन महिने मी डार्क मोडला दोष देत बसलो होतो.

डार्क मोड लावून ब्राइटनेस वर नेणं

फोन ओलेड असला तरी किती वाचतं? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये काही ओलेड फोनवर हे मोजलं. ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी 3 ते 9 टक्केच वीज वाचली. ब्राइटनेस 100 टक्के केल्यावर बचत 39 ते 47 टक्क्यांवर गेली. म्हणजे घरात, ऑटो ब्राइटनेसवर फोन वापरणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. त्याच संशोधकांना असंही दिसलं की एका फोनवर बातम्यांचं एक अॅप लाइट मोडमध्ये 20 टक्के ब्राइटनेसला जेवढी वीज घेत होतं, तेवढीच डार्क मोडमध्ये 50 टक्क्यांना घेत होतं. डार्क मोड लावून ब्राइटनेस तेवढा वर नेला की हिशेब बरोबरीत सुटला.

आता केळीच्या बागेबाहेर भर उन्हात उभं राहून काळा स्क्रीन बघा. अक्षरांऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. मग माणूस ब्राइटनेस फुल करतो. एलसीडी फोनवर हा सरळ तोटा आहे. उन्हात लाइट मोडच वाचायला सोपा. सेटिंगमध्ये सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत डार्क मोड आपोआप लागेल अशी वेळ लावता येते, तीच लावून ठेवा.

फोन उन्हात ठेवून दोष स्क्रीनला देणं

जळगाव-भुसावळकडचा मे म्हणजे 44-45 अंश. अॅपल आपले फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरा म्हणून सांगते. त्यापुढच्या उष्णतेने बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. आपल्याकडे तर सावलीतच 35 ओलांडतं! मामेभावाचा फोन दुपारभर बाईकच्या होल्डरला, नाहीतर ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर. चार्जिंगला लावून वर रील्स चालू. अशी मेलेली क्षमता कुठल्याही मोडने परत येत नाही. तापलेला फोन स्वतःहून स्क्रीन मंद करतो किंवा चार्जिंग थांबवतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रिजमध्ये मात्र घालू नका, आत पाणी धरतं.

बॅटरी कोण खातंय हे न बघणं

सेटिंगमध्ये बॅटरी वापराची यादी असते. ती एकदा उघडा. स्क्रीन वरच्या जागी नसेल तर डार्क मोडवर भांडण्यात अर्थ नाही. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला रेंज कमी असेल तिथे फोन टॉवर शोधण्यातच चार्जिंग संपवतो. रेंज नसेल तिथे फ्लाइट मोड जास्त कामाचा. आणि व्हिडिओ पाहताना डार्क मोडचा उपयोग नाही, कारण व्हिडिओचे रंग तो बदलत नाही.

मामेभावाने होल्डर काढला, फोन पत्र्यावरून पिशवीत आणला, दिवसा लाइट मोड आणि ऑटो ब्राइटनेस लावला. आठवड्याने त्याचा फोन आला, तेव्हा संध्याकाळी सातला चाळीस टक्के शिल्लक होते. रात्रीचा डार्क मोड मात्र त्याने ठेवला. शेतीची लाइट रात्री दीडला येते, मोटार चालू करायला उठलं की पांढरा स्क्रीन डोळ्यांत घुसतो म्हणे. हे कारण मला बॅटरीपेक्षा जास्त पटलं.