एनव्हीडीए मराठी वाचत नाही? आधी फाइल तपासा

विंडोजवर अंध व्यक्तीसाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवायचा तर एनव्हीडीए घ्या. फुकट आहे. महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी कुणी पेनड्राइव्हवर देऊ केली तर घेऊ नका. पुढच्या अपडेटला ती बंद पडते आणि माणूस अडकतो.

तो बनवणाऱ्या एनव्ही अ‍ॅक्सेसच्या साइटवरून उतरवा, इन्स्टॉल करा. एनव्हीडीएच्या आज्ञा इन्सर्टच्या कळीने देतात; लॅपटॉपला ती नसेल तर सुरुवातीच्या खिडकीत कॅप्स लॉकचा पर्याय निवडा. कंट्रोल-ऑल्ट-एनने सुरू होतो, नुसत्या कंट्रोलने गप्प बसतो. हेडफोन वायरचाच हवा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, पहिलं अक्षर गिळलं जातं.

मराठीसाठी इन्सर्ट-कंट्रोल-एस दाबून ईस्पीक एनजी हे बोलणारं इंजिन निवडा, मग इन्सर्ट-कंट्रोल-व्ही दाबून आवाजांच्या यादीतून मराठी. आवाज खरखरीत आहे, पण कान सरावतात.

खरी डोकेदुखी इथून पुढे. सोसायटीची नोटीस उघडावी, पडद्यावर स्वच्छ मराठी दिसावं आणि एनव्हीडीएने इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकवावी. लगेच ‘सॉफ्टवेअर बेकार आहे, दुसरं टाका’ म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. दोष फाइलचा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई-जे-के-बी-एच असतो. फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरं उमटली की निदान पक्कं.

उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणं, म्हणजे आतूनही देवनागरीच असलेल्या अक्षरांत. त्या फॉन्टसाठीचाच कन्व्हर्टर वापरा. नंतर रफार आणि पहिली वेलांटी आवर्जून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, म्हणून कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो. ‘खर्च’, ‘वर्गणी’, ‘निधी’ असे शब्द कानांनी ऐका; डोळे चूक सावरून घेतात. आणि नोटीस टाइप करणाऱ्या सेक्रेटरींना सांगाच: काका, पुढच्या वेळी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर युनिकोडमध्ये टाइप करा. एकाने सवय बदलली की दर महिन्याची कटकट वाचते.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूरच नसतो, फक्त चित्र असतं. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, बरीचशी अक्षरं सुटी होतात. तक्ते मात्र विस्कटतात. ते हातानेच लावावे लागतात.