जुन्या व्हिडिओ गेमवर विटा फोडण्याचे नवे खेळ कसे खेळावेत

मराठवाड्यात नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, जुन्या वह्या-पुस्तकांच्या पेटीशेजारी, कॅसेटचा एखादा व्हिडिओ गेम अजूनही पडलेला असतो. आमच्या परभणीच्या घरी तो जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. असा संच म्हणजे बहुधा निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल असते, आणि विशेष म्हणजे त्याच यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिले जात आहेत. कंपनीच्या नोकरीत नव्हे, तर घरी बसून, हौसेने, एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून लिहिलेल्या अशा खेळांना होमब्रू म्हणतात. त्यांची ओळख विटा फोडण्याच्या खेळापासून, म्हणजे खालच्या फळीने चेंडू परतवत वरची विटांची भिंत फोडण्याच्या खेळापासून, करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. पडद्यावर एक चेंडू आणि एक फळी एवढेच हलत असल्यामुळे वायर, टीव्ही, खेळण्याचा रिमोट किंवा कॅसेट यांतील कोणताही दोष या खेळात ताबडतोब उघडा पडतो. चेंडू सुटला तर तो आपल्या हातामुळे सुटला की यंत्रामुळे, हे खात्रीने सांगता येऊ लागले म्हणजे संच नीट लागला असे समजावे.

सर्वप्रथम संचाला कॅसेटची खाच आहे का, ते पाहावे. शेकडो खेळ आतच भरलेले जे स्वस्त संच बाजारात मिळतात, त्यांना अनेकदा खाच नसते, आणि मग त्यांच्यावर बाहेरचा खेळ घालता येत नाही. जपानी फॅमिकॉमच्या आणि आपल्याकडील बहुतेक नकलांच्या कॅसेटला ६० पिना असतात, तर अमेरिकेत व युरोपात विकल्या गेलेल्या एनईएस या फॅमिकॉमच्याच परदेशी संचाच्या कॅसेटला ७२ पिना असतात, म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी आपल्या कॅसेटच्या पिना मोजाव्यात.

यानंतर अडॅप्टरकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. नकली संच बहुधा ९ व्होल्टवर चालतात, पण पिनच्या मधल्या छिद्रात धन टोक आहे की ऋण, हे संचागणिक बदलते. मूळ फॅमिकॉमचे मधले टोक ऋण होते. आपल्याकडे सीसीटीव्हीसाठी किंवा वायफायच्या डब्यासाठी मिळणाऱ्या अडॅप्टरचे मधले टोक सहसा धन असते. मी स्वतः ही तपासणी न करता घरात सापडलेला अडॅप्टर लावला आणि आतला ७८०५ क्रमांकाचा रेग्युलेटर जाळून घेतला. लातूरला गंज गोलाईच्या परिसरातील एका कारागिराने तो काही मिनिटांत बदलून दिला, परंतु मल्टिमीटरने दोन सेकंद मोजले असते तर ती वेळच आली नसती. हा रेग्युलेटर आलेल्या ९ व्होल्टमधून ५ व्होल्ट पुढे देतो आणि उरलेला दाब उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना संच गादीवर किंवा सतरंजीवर ठेवल्यास ती उष्णता आतच कोंडते, म्हणून तो फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवावा, आणि ९ ऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावण्याचा मोह टाळावा.

टीव्हीची निवड हा या खेळातील सर्वांत निर्णायक भाग आहे. चेंडू दर चित्रचौकटीला (फ्रेमला) ४ ठिपके (पिक्सेल) सरकतो असे धरले आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्या, तर तो सेकंदात २४० ठिपके जातो, आणि या यंत्राच्या चित्राची उंची नेमकी २४० ठिपके आहे. आता सपाट टीव्हीने चित्र दाखवायला सेकंदाचा दहावा भाग उशीर केला, तर आपल्याला दिसणारा चेंडू यंत्राच्या हिशेबातील चेंडूपेक्षा २४ ठिपके मागे असतो. फळीच अनेकदा ३२ ठिपके रुंद असते. म्हणजे डोळ्यांना चेंडू फळीपासून बराच वर दिसत असताना यंत्राने तो सुटल्याचा निर्णय दिलेला असतो, आणि खेळणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ज्याला आपण डब्बा टीव्ही म्हणतो त्या पिक्चर ट्यूबच्या संचात असा उशीर होत नाही. घरी तो चालू स्थितीत असेल तर तोच वापरावा. भंगारवाल्याला देण्यापूर्वी निदान एकदा या कामासाठी लावून पाहावा. सपाट टीव्हीच वापरायचा असेल, तर त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करावा आणि चित्र गुळगुळीत करणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात. जोडणीसाठी अँटेनाच्या वायरपेक्षा पिवळ्या टोकाची एव्ही वायर वापरावी, कारण अँटेनाच्या मार्गाने आलेल्या चित्रात मुंग्या दिसतात आणि पांढरा लहान चेंडू त्यांत हरवतो.

टीव्हीच्याच संदर्भात आणखी एक बाब समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चौकटींचे. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, म्हणजे सुमारे ६० चौकटी. भारतात विकलेला नकली संच ५० चौकटींचा असेल, आणि खेळ लिहिणाऱ्याने ६० चौकटी गृहीत धरल्या असतील, तर वर सांगितलेला चेंडू वरून खाली यायला एका सेकंदाऐवजी १.२ सेकंद घेतो आणि संगीतही तितकेच रेंगाळते. हा बिघाड नाही. नवशिक्यासाठी तर ही सोयच आहे. उलट बाहेरून आणलेला एनटीएससी संच जुन्या पाल टीव्हीला जोडला, तर चित्र काळेपांढरे दिसते किंवा वर-खाली पळते, आणि मग रंगावरून विटांचे गुण ओळखणे अशक्य होते.

खेळ मिळवताना तो लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावा. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर असे अनेक लेखक आपले खेळ विनामूल्य किंवा थोड्या किमतीत ठेवतात, आणि किंमत ठेवली असेल तर ती द्यावी, कारण एवढ्या जुन्या यंत्रासाठी कोणी महिनोन्‌महिने खपते, तेव्हा त्या कष्टांची तेवढी कदर व्हायलाच हवी. फाईलच्या नावाच्या शेवटी एनईएस ही अक्षरे असतात. विटांचे साधे खेळ बहुधा एनरॉम या सर्वांत साध्या कॅसेट-रचनेत बसतात, ज्यात ३२ किलोबाइट कार्यक्रम (प्रोग्रॅम), ८ किलोबाइट चित्रे आणि सुरुवातीची १६ बाइट ओळखपट्टी मिळून फाईल ४०,९७६ बाइटची होते. उतरवलेली फाईल नेमकी एवढी भरली, तर ती जवळजवळ कोणत्याही संचावर चालण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मी नेहमी आकार पाहतो.

फाईल प्रथम संगणकावर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून पाहावी. मेसेनमध्ये प्रदेशाची निवड बदलून तोच खेळ ५० आणि ६० चौकटींवर कसा वाटतो, हेही अनुभवता येते. त्यानंतर ती प्रत्यक्ष यंत्रावर न्यावी, ज्यासाठी मेमरी कार्ड बसणारी एव्हरड्राइव्हसारखी फ्लॅश कॅसेट लागते. ती महाग असते आणि काही नकली संचांवर चालत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी ओळखीत कोणाकडे असेल तर आपल्या संचावर लावून पाहावी. कॅसेट बसवताना संच बंदच असावा. चित्रात भलतीच अक्षरे किंवा तुटके ठोकळे दिसले, तर आपण सर्वांनी लहानपणी केले तसे कॅसेटमध्ये फुंकू नये, कारण फुंकेतील ओल पिनांना गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पिना पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी.

रिमोटची परीक्षा खेळ सुरू होताच होते. डावीकडे दाबल्यावर फळी मध्येच अडखळत असेल किंवा बटण सोडल्यावरही सरकत राहत असेल, तर रिमोट उघडून रबराखालील काळे कार्बनचे ठिपके आणि पट्टीवरील संपर्क त्याच काडीने पुसावेत. आमच्याकडची बारीक धूळ तेथपर्यंत सहज पोहोचते.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. या प्रकाराची सुरुवात अटारी या अमेरिकी कंपनीच्या १९७६ मधील ब्रेकआउट या खेळापासून झाली, आणि त्या खेळाचा एक नमुना अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी तयार केला होता. त्यात प्रत्येकी १४ विटांच्या ८ ओळी होत्या. खालून वर दोन-दोन ओळींना १, ३, ५ आणि ७ गुण मिळत, म्हणजे एक भिंत पूर्ण फोडल्यास ४४८. चौथ्या आणि बाराव्या टोल्यानंतर चेंडूचा वेग वाढे. आजचे होमब्रू लेखक हे नियम आपापल्या परीने बदलतात, म्हणून नव्या खेळाचे पहिले दोन डाव गुणांसाठी न खेळता टोले मोजण्यासाठी खेळावेत.

मूळ खेळात फळी गोल फिरवण्याच्या मुठीने हलत असे, आपल्या रिमोटवर मात्र ती ठरावीक वेगाने सरकते. त्यामुळे चेंडूमागे धावून उपयोग होत नाही. चेंडू वरच्या भिंतीवरून परतताच तो कोठे उतरेल ते ठरवून फळी आधीच तेथे नेऊन ठेवावी, आणि शेवटचे अंतर बटण दाबून न धरता हलक्या टिचक्यांनी भरावे. बहुतेक खेळांत चेंडू फळीच्या मध्यावर पडला तर उभा उडतो आणि टोकावर पडला तर तिरपा जातो. या कोनाचा उपयोग करून सर्व विटा सारख्या झोडण्याऐवजी एकाच कडेला उभी फट पाडावी, कारण चेंडू त्या फटीतून वर गेला की भिंतीच्या मागच्या बाजूला आपोआप आपटत राहतो आणि एरवी सहज न मिळणाऱ्या वरच्या विटा फोडतो. तेवढा वेळ फळी मधोमध आणून थांबावे. पुष्कळजण येथेच निर्धास्त होतात, आणि वेग वाढलेला चेंडू अचानक दुसऱ्या फटीतून खाली येतो.

एनरॉम खेळांत बॅटरी नसते, त्यामुळे वीज जाताच उच्चांक पुसला जातो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डाव संपताच गुण वहीत लिहावेत. शेजारी तारीख आणि ५० किंवा ६० हा आकडाही लिहावा, कारण मंद यंत्रावर काढलेले गुण वेगवान यंत्रावरच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत.